भाचीची पाळी आणि असह्य पोटदुखी: सोसायचं किती, दाखवायचं कधी?

कातळफूल

नमस्कार. भाचीसाठी लिहितेय. अकरावी सायन्सला आहे, आमच्या गावातून रोज एसटीने मालवणला जाते. पाळीचा पहिला दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ तिची अक्षरशः वाया जाते. ओटीपोटात कळा येतात, त्या कमरेतून मांड्यांपर्यंत उतरतात. मग उलट्या, पातळ जुलाब, हातपाय गार. गेल्या महिन्यात एसटीतच डोळ्यांपुढे अंधारी आली. कंडक्टरने पुढची सीट रिकामी करून तिला आडवं केलं, कोणा काकूंनी पदराने वारा घातला, आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या ती परतीच्या गाडीत बसली. प्रॅक्टिकल बुडलं ते बुडलंच.

घरात आई म्हणते, "आमच्या वेळीही व्हायचं, लग्न झालं की थांबतं." वहिनी गोळी द्यायला घाबरते. गोळीची सवय लागते आणि पुढे मूल व्हायला त्रास होतो, असं तिला कोणीतरी सांगितलंय. म्हणून ओवा-गूळ, तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, आणि अगदीच लोळायला लागली की अर्धी गोळी. ती उलटीतून बाहेर.

सोनोग्राफी करून घ्यावी असं मला वाटतं. पण "लग्नाआधी कसली तपासणी, आतून बघतील" म्हणून वहिनी अडून बसलीय. अनुभव असलेल्यांनी आणि जाणकारांनी कृपया लिहा. मला वहिनीला हा धागा वाचून दाखवायचा आहे.

सुरंगी

गे बाय, माझ्या चेडवाचा अगदी असाच होता. सासू म्हणा, सोस, बायलमाणसाच्या जल्माक ह्या असताच. एकदा चेडू शाळेत पडला तेवा डॉक्टराकडे नेलंय. तेंनी सांगल्यानी, दुखूक लागल्या लागल्या गोळी घेवची, कळ वाढापर्यंत थांबाचा नाय. आणि उपाशीपोटी देव नको, पेज तरी पोटात घालूची. तेवापासून शाळा बुडाक नाय. वहिनीक सांग, भियाव नको.

दीपमाळ

कातळफूल, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गातच प्रॅक्टिस करते. इथलं लिखाण तपासणीची जागा घेऊ शकत नाही, पण वहिनींची भीती आधी घालवू या. पाळीत दोन-तीन दिवस घ्यायच्या या वेदनाशामक गोळ्यांची सवय लागत नाही, आणि पुढे दिवस राहण्यातही त्यांची आडकाठी होत नाही.

दुखतं का, ते कळलं की गोळीची वेळ आपोआप कळते. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू ओला पंचा पिळावा तसा आवळतो, तेवढ्यापुरता त्याचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळ उठते. हीच द्रव्यं आतड्यांवरही काम करतात, म्हणून जुलाब आणि मळमळ. डोकेदुखी, गार पडणं, चक्कर हेही त्यातलंच. त्यामुळे मुलीला "पित्त झालंय" म्हणून अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन निजवण्यात अर्थ नाही.

मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या ही द्रव्यं तयार होणंच रोखतात. जी आधीच तयार झाली त्यांचं त्या फारसं काही करू शकत नाहीत. म्हणून रक्ताचा पहिला डाग दिसला किंवा कंबर धरायला लागली की लगेच, काहीतरी खाऊन, पहिली गोळी. पुढे डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने पहिले दोन दिवस घेत राहायची, मध्ये बरं वाटलं तरी. पाळी ठरल्या तारखेला येत असेल तर आदल्या दिवसापासूनही देता येते. डोस वय आणि वजन बघून ठरवायचा. अर्धी गोळी, तीही उलट्या सुरू झाल्यावर, म्हणजे दिली न दिली सारखीच. दोन वेगवेगळ्या वेदनाशामक गोळ्या एकत्र मात्र नकोत.

या गोळ्या कोणाला नकोत तेही लिहिते. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामक घेतल्यावर वाढणारा दमा असेल तर नकोत. आणि आपल्याकडे पावसाळ्यात एक गोष्ट फार जपायला हवी: पाळी आणि ताप एकत्र आले, डेंगी किंवा लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) शंका असली, तर या गोळ्या अजिबात नकोत. डेंगीत रक्तस्रावाचा धोका वाढतो, लेप्टोत मूत्रपिंड आधीच धोक्यात असतं. अशा वेळी पॅरासिटामॉल आणि थेट दवाखाना. मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने एक इशाराही दिला होता. क्वचित एखादीला गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत अंगभर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी तीव्र प्रतिक्रिया येते. दुर्मिळ आहे, पण पुरळ उठलं तर गोळी बंद करून दाखवायचं.

शेक हा खराखुरा उपाय आहे, आजीचं मन राखायला म्हणून सांगत नाही. फक्त तो सौम्य आणि बराच वेळ मिळायला हवा. पुरचुंडी पाच मिनिटांत निवते, मग मुली ती चटका बसेल इतकी तापवतात. ओटीपोटावर तपकिरी, जाळीसारखे डाग पडलेल्या मुली माझ्याकडे येतात, ते अशाच शेकाचे. रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवा. पाळी नसतानाच्या दिवसांत नियमित व्यायाम, भरभर चालणं, यानेही महिन्यागणिक फरक पडतो.

आता तपासणी. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरूनच करतात. पाणी पिऊन लघवी तुंबवायची, पोटावर जेल लावायचं, झालं. आतून काही घालत नाहीत. वहिनी शेजारी उभ्या राहू शकतात.

पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने बऱ्याच मुलींना फारसं दुखत नाही, कारण तेव्हा बीज दर महिन्याला सुटत नसतं. साधारण सहा महिने ते वर्षभरानंतर दुखणं सुरू झालं, पहिले दोन-तीन दिवस राहिलं आणि गोळीने आटोक्यात आलं, तर बहुतेक वेळा मागे दुसरा आजार नसतो. पण पहिल्याच पाळीपासून जीवघेणं दुखत असेल, किंवा पाळी यायचं वय झालंय, दर महिन्याला पोटात दुखतंय आणि रक्त मात्र बाहेर येत नसेल, दुखणं वर्षागणिक वाढत असेल, पाळी संपली तरी उरत असेल, शौचाला किंवा लघवीला त्या दिवसांत कळ येत असेल, तर सोनोग्राफीला उशीर नको. वेळेवर आणि पुरेशा डोसने गोळ्या घेऊन तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तरीही या.

खाडीपलीकडे

दीपमाळ, शौचाच्या वेळच्या कळेबद्दल लिहिलंत, त्यासाठी मनापासून आभार. माझं सगळं त्यातच अडकलं होतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. कॉलेजपासून पाळीत शौचाला बसलं की आतून सुरी फिरल्यासारखं व्हायचं. लाजेने हे कोणाला सांगितलं नाही, आणि विचारलंही कोणी नाही. तालुक्याच्या एका दवाखान्यात गॅसेस म्हणून चूर्ण दिलं. सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल आला, आणि त्या दिवसापासून घरात माझं दुखणं नाटक ठरलं. लग्न झालं, दुखणं थांबलं नाहीच, उलट संबंधांच्या वेळीही दुखायला लागलं. त्याबद्दल तर सासरी बोलायची सोयच नव्हती. पुढे दिवस राहिनात म्हणून आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या आधी समोर बसवून अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. दुखतं कुठे, पाळीच्या आधी किती दिवस, शौचाला कसं, नवऱ्याजवळ कसं. डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुनं काळपट रक्त साठलेली गाठ, निघाली. एंडोमेट्रिऑसिस.

गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाच्या बाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ, पोटाच्या पडद्यावर वाढतो, असा हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना तो असतो, जगात १९ कोटींच्या आसपास. म्हणजे आपल्या वाडीत, आपल्या बचतगटात कोणी ना कोणी असणारच. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: सुरुवातीचा एंडोमेट्रिऑसिस साध्या सोनोग्राफीत दिसतोच असं नाही. नॉर्मल रिपोर्ट हातात असतानाही आजार असू शकतो.

माझी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, चिकटलेले भाग सोडवले, नंतर डायनोजेस्ट या हॉर्मोनची रोजची गोळी. सुरुवातीचे काही महिने मधेच डाग पडायचे, चिडचिड व्हायची, ते डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं. आता पाळीच येत नाही, आणि मी कामावर असते. हा आजार परत उद्भवू शकतो, त्यामुळे तपासणी चालू राहणार.

कातळफूल, भाचीला एकटीला बसवून विचारा. आईसमोर नाही सांगणार ती.

घाटमाथा_ते_गाज

वेंगुर्ल्याकडे माझं मेडिकलचं दुकान आहे. पुरुष आहे, पण काउंटरवर जे दिसतं ते लिहिलं तर उपयोग होईल.

बाई येते, आजूबाजूला कोणी नाही ना बघते आणि हळू आवाजात "पोटाची गोळी" मागते. एकच. पट्टी घेत नाही, कारण पट्टी घरात कोणाला दिसायला नको असते. पुढच्या महिन्यात परत कळ उठल्यावर दुकानापर्यंत येणार, तोवर दोन तास गेलेले. बरं, ज्या जोडगोळीचं नाव सगळ्यांना पाठ आहे तिच्यात मेफेनॅमिक अ‍ॅसिडबरोबर डायसायक्लोमिन असतं. त्याने तोंड कोरडं पडतं, कोणाला गुंगी येते, नजर धूसर होते. स्कूटर चालवणाऱ्या मुलींना मी हे मुद्दाम सांगतो. आणि दोन्ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची आहेत. एकदा चिठ्ठी करून घ्या, म्हणजे घरात पट्टी राहील.

दुसरं, गणपती. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना जेवढी मागणी येते तेवढी एरवी वर्षभर नसते. मुंबईहून आलेल्या सुना, इथल्या सुना, कधी आईच लेकीसाठी. घरात गौरी, सोवळं, पाहुणे, त्यामुळे नाही कोण म्हणणार? नॉरएथिस्टेरॉन नावाचं हॉर्मोन असतं ते. बऱ्याच जणी शेजारणीच्या चिठ्ठीवर मागतात. मी देत नाही, आणि त्यावरून बोलणीही खातो. दीपमाळताई, यावर तुम्ही सविस्तर लिहाल का?

दीपमाळ

बरं झालं विषय काढलात. नॉरएथिस्टेरॉन पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करतात, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. बहुतेक निरोगी बायकांना थोडे दिवस घेऊन काही होत नाही. पण शरीरात तिचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होण्याचा धोका असणाऱ्यांना ती देत नाहीत. आधी अशी गाठ झालेली असेल, घरात कोणाला झाली असेल, वजन फार असेल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा, चमचम दिसत असेल, तर आधी सांगा. शेजारणीला चालली म्हणून तुम्हाला चालेल असं नाही. गोळी घेत असताना एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं यांपैकी काही झालं तर विसर्जनाची वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना.

ज्यांना मुळातच फार दुखतं त्यांनी एक ध्यानात ठेवा. लांबवलेली पाळी काही जणींना जास्त अंगावर जाते. गौरी-गणपती बोळवून चाकरमान्यांच्या खच्चून भरलेल्या गाडीत चढायचं आणि नेमकी तेव्हाच पाळी, हे मी दर वर्षी ऐकते. वेदनाशामक गोळी आणि पॅड हाताशी ठेवा, वरच्या बॅगेत नकोत.

आबोली

माझी आई काजूच्या कारखान्यात कामाला होती, आता चुलतबहीण जाते. सकाळपासून एका जागी बसून काजू फोडायचा, हाताला तेल लागू नये म्हणून राख लावायची. किलोवर पैसे, त्यामुळे उठलं की मजुरी गेली. शौचालय आहे, पण पाणी बाहेरून न्यावं लागतं. बहीण पाळीत दिवसभर पाणीच पीत नाही. दोन पॅड एकावर एक लावते, तरी दुपारपर्यंत भिजतं. लावणीच्या दिवसांत हेच, फक्त गुडघाभर चिखलात आणि डोक्यावर पाऊस. कमरेत वाकून रोप लावताना ती मध्येच बांधावर बसते आणि काकी ओरडते.

तिला दुखतं तर खूप, पण अंगावरून जातंही खूप. गाठी जातात. चेहरा पांढराफटक पडलाय. तिने काय करावं?

दीपमाळ

आबोली, बहिणीला या आठवड्यातच दाखवा. दर एक-दोन तासांनी पॅड भिजणं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी, सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, यांतलं एक जरी असलं तरी तो अतिरक्तस्राव. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी, अ‍ॅडिनोमायोसिस (म्हणजे अस्तर गर्भाशयाच्या भिंतीतच शिरणं), थायरॉइड, रक्त गोठण्यातला दोष, यांपैकी काहीही कारण असू शकतं. दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही असतील तर पहिली दोन आधी तपासतो. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलं आहे, त्यामुळे "सगळ्याच अशा असतात" असं तिला वाटत असणार. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. पाळीत आंबट बंद करण्याची काही गरज नाही, सोलकढी खुशाल प्यावी. पाणी तर प्यायलाच हवं. दिवस दिवस लघवी तुंबवून मूत्रमार्गाचा संसर्ग झाला की ओटीपोटातलं दुखणं दुप्पट.

पॅडचा खर्च ही अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात सुविधा पॅड एक रुपयाला एक मिळतं.

फळाआड_शाई

मी चिपळूणजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही मुलीला कसलीच गोळी देऊ शकत नाही. मग काय होतं, मुलगी स्टाफरूममध्ये दोन खुर्च्या जोडून, पाय पोटाशी घेऊन पडते आणि आम्ही घरी फोन लावत बसतो. वडील बोटीवर, आई बाजारात. म्हणून मी आता जूनमध्येच आयांना सांगते: डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि तुमच्या सहीचं पत्र वर्गशिक्षिकेकडे द्या, गोळी मुलीच्या कंपासपेटीत राहू दे. शाळेत रबरी पिशवी आणि गरम पाण्याची किटली ठेवलीय. दहावीच्या मुलींचे पेपर कोणत्या तारखांना येतात आणि पाळी कधी, हे डिसेंबरमध्येच बघून डॉक्टरांशी बोलायला सांगते. कातळफूल, प्रॅक्टिकलबद्दल कॉलेजमध्ये बोला. बाई असो की सर, स्पष्ट सांगितलं तर पुन्हा घेतात.

कातळफूल

सर्वांचे खूप आभार. वहिनीला पूर्ण धागा वाचून दाखवला. खाडीपलीकडेचं वाचताना ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "हिला विचारू या." भाचीला मी एकटीने विचारलं. शौचाच्या वेळी दुखत नाही, पण पाळी येण्याआधी दोन दिवस उजव्या बाजूला दुखतं, आणि हे गेल्या वर्षी नव्हतं.

सोनोग्राफी पोटावरून झाली, वहिनी आतच होती. रिपोर्ट नॉर्मल आहे. डॉक्टरांनी वजन बघून गोळी आणि अंतर लिहून दिलंय. या पाळीत पहिला डाग दिसताच भाकरी-भाजी खाऊन घेतली. दुखलं, पण उलटी झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली. आई अजून म्हणतेच की लग्नानंतर थांबेल, पण रबरी पिशवीत पाणी तीच भरून देते.

दीपमाळताई, रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आता निश्चिंत व्हायचं का? आणि गोळीने पुरलं नाही तर पुढे काय? हॉर्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं की वहिनी परत घाबरेल.

दीपमाळ

एका पाळीवरून निश्चिंत नको, घाबरायलाही नको. अशाच तीन पाळ्या वेळेवर गोळ्या घेऊन बघा. आधीचे दोन दिवस दुखणं हे नवीन आहे, ते मला लिहून हवं. साधी वही चालेल: तारीख, दुखणं शून्य ते दहात किती, कुठे, शौच-लघवी कशी, किती पॅड, कॉलेज बुडलं का.

तीन पाळ्यांनंतरही बुडत असेल तर पुढची पायरी हॉर्मोनच्या गोळ्यांची. वहिनींना सांगा, त्या बंद केल्या की पाळी आणि बीज सुटणं पूर्ववत होतं, पुढे मूल होण्याला त्याने बाध येत नाही. अर्धशिशी आणि रक्ताच्या गाठींचा घरातला इतिहास विचारूनच त्या देतो. एंडोमेट्रिऑसिसची शंका असली तरी लगेच दुर्बीण घालत नाहीत. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनीही आधी औषध देऊन बघायला मुभा दिली आहे, आणि कोवळ्या वयात मी तेच करते. औषधाने भागलं नाही तर एमआरआय किंवा दुर्बीण. सिंधुदुर्गातले बरेच जण त्यासाठी गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जातात, तुम्हाला मालवणहून कोल्हापूरपेक्षा तेच सोपं पडेल.

मधल्या काळात अचानक एका बाजूला न थांबणारी कळ, ताप, किंवा गोळी घेऊनही शुद्ध हरपणं असं काही झालं तर तीन महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी आणा. आणि वहीत गोळी किती वाजता घेतली आणि दुखणं किती वाजता सुरू झालं, या दोन्ही वेळा लिहायला सांगा. पुढच्या भेटीत मी पहिलं पान तेच उघडणार.